कुमोझावाचा शिक्का

मुलांनो, डोळे मिटा आणि एक वही समोर आणा. पोस्टकार्डाएवढी, निळ्या पुठ्ठ्याची. पानं अकरा. दहा पानांवर दहा स्टेशनांचे लाल शिक्के, अगदी सरळ. अकरावं पान कोरं. वही तुमच्या दादाची आहे आणि आज ती तुमच्या हातात आहे. दिसली? मग ऐका.

दादाचं नाव तेप्पेई. डोंगरातल्या एका छोट्या रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनात उतरून, तिथल्या मेजावर प्रवाशांसाठी ठेवलेला शिक्का त्याने स्वतः वहीत मारला होता. दोन वर्षं लागली. शेवटचं कुमोझावा तेवढं राहिलं आणि त्याचा पाय मोडला. रविवारनंतर ते स्टेशन कायमचं बंद होणार होतं. म्हणून शनिवारी सकाळी त्याची बहीण मिओरी आजोबांबरोबर टोकियोहून निघाली.

"आधी रद्दी कागदावर मारून बघ, मग वहीत," ती निघताना दादाने तिसऱ्यांदा बजावलं.

"माहितीये रे! शिक्क्यांचा हेडमास्तर आहेस का तू?"

"उलटा पडला तर आजोबांना सांगेन, हिला तिथेच सोडून या."

"चालेल," आजोबा म्हणाले. "मग जेवणाचे दोन्ही डबे मलाच."

दोन गाड्या बदलून ते डोंगरात पोचले. तिथे चढ असा आहे, की गाडी अर्ध्या वाटेवर थांबते आणि शेपटीकडून पुढचा चढ चढते. चालक पांढरे हातमोजे घालून तिथल्या फलाटावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला. मग सिग्नलकडे बोट रोखून मोठ्याने म्हणाला, "सिग्नल हिरवा!"

"कोणाला सांगतायत ते?" मिओरीने विचारलं.

"स्वतःलाच. रोजचाच सिग्नल म्हणून न बघता निघालं, की घोटाळा होतो."

कुमोझावात मेपल लालभडक झाले होते. दोघांनी ओढ्याकाठी डबे खाल्ले. आजोबांना डुलकी लागली. स्टेशनात परतले तेव्हा शिक्क्याच्या मेजापुढे लांब रांग होती. स्टेशन बंद होणार म्हटल्यावर सगळेच आले होते.

मिओरीचा नंबर आला आणि गाडीची घंटा झाली. पुढची गाडी अडीच तासांनी. रद्दी कागदांचा गठ्ठा तिच्या कोपराशीच होता. तिने शिक्का शाईत दाबला आणि थेट वहीत मारला.

उचलून पाहिलं, तर शिक्क्यातला डोंगर उलटा, खाली लोंबत होता.

"अगं बाई!" मागच्या काकू म्हणाल्या. "रडू नकोस. हा कागद घे, यावर सरळ मार आणि घरी जाऊन वर चिकटव. खूप जण तसंच करतात."

मिओरीने कागदावर शिक्का मारला. या वेळी सरळ आला. तो घेऊन ती धावत गाडीत चढली.

"टोकियोत डिंक घेऊ," आजोबा हळूच म्हणाले. "कळायचंसुद्धा नाही त्याला."

"दादा पानावरून बोट फिरवून बघतो."

गाडी अर्ध्या वाटेवरच्या त्या फलाटावर थांबली. चालक पुन्हा या टोकाकडून त्या टोकाला गेला, त्याने बोट रोखलं, तेच दोन शब्द म्हटले. मिओरी खिडकीला नाक लावून ते बघत राहिली. टोकियोत उतरल्यावर आजोबा दुकानाकडे वळले, तेव्हा तिने त्यांची बाही ओढली आणि त्यांना घराच्या वाटेला लावलं.

दादा प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून वाटच बघत होता.

"आणलास? दाखव, दाखव!"

मिओरीने बूट काढले. त्याच्याजवळ जाऊन बसली. अकरावं पान स्वतःच उघडून वही त्याच्या हातात दिली, शेजारी तो कागद ठेवला आणि म्हणाली, "मी आधी कागदावर मारून बघितलं नाही."