सासूबाईंच्या आंघोळीसाठी

सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून उद्या दवाखान्यातून घरी यायच्या होत्या, आणि आज सासऱ्यांनी बाथरूममधला नळ मोडून ठेवला. सासूबाईंना बसून आंघोळ करता यावी म्हणून हँडशॉवरचा नळ स्वतःच बसवायला गेले, पाना जरा जास्तच आवळला, नळ हातात आला आणि त्याचा तुकडा भिंतीत राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मेन कॉक लगेच बंद केला म्हणून घराचं तळं झालं नाही, पण आता प्यायलासुद्धा थेंब नव्हता.

नणंदेचा फोन आलाच. "पाणी नसेल तर आईला मी माझ्या गावी नेते. राहील महिनाभर." तिचं म्हणणं रास्त होतं, म्हणूनच जास्त लागलं. सासरे पलंगाच्या कडेला जे बसले ते उठेनात. एरवी आमच्याकडे चहा गाळण्यावरसुद्धा त्यांचं मत असतं.

पहिला प्लंबर सकाळपासून फोनवर "निघालोच" म्हणत होता. बहुधा अजूनही निघतोच आहे. दुसरा आला, पण त्याने आल्या आल्या कपाळाला हात लावला. "कुठल्या शहाण्याचं काम हे?" सासऱ्यांच्या देखत विचारलं. वर भिंत फोडावी लागेल, आठवडा जाईल, म्हणाला. मी त्याला तिथल्या तिथे वाटेला लावलं. माझं डोकं लवकर तापतं, आणि कधीकधी ते बरंच असतं.

मग तेच डोकं जरा चालवलं. ज्याचं पोट पाण्यावर, त्यालाच विचारावं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या बाईंना गाठलं.

"तुमच्याकडे कोण येतं हो नळाच्या कामाला?"

त्यांनी इस्त्री उभी ठेवली आणि नंबर सांगितला. "येतो म्हणाला की येतो. जमणार नसेल तर तसं सांगतो. अजून काय हवं?"

मला अजून काहीही नको होतं.

"जेवून येतो," तो फोनवर म्हणाला, आणि खरंच जेवून आला. वाकून भिंतीत टॉर्च मारली. मग त्यानेही तेच विचारलं, "कोणी मोडला?"

सासरे दारातच उभे होते.

"मी," मी म्हणाले.

"मी मोडला," मागून नवराही म्हणाला. याला साधा बल्ब बदलायचा तर स्टुलावर चढायची भीती.

प्लंबरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "एका नळाला दोन माणसं लागली?"

"त्यांना पाना कुठल्या बाजूने धरायचा तेही माहीत नाही," सासरे म्हणाले. "मी मोडला."

"बरं झालं सांगितलंत. आट्यांवर टेप गुंडाळली होती का?"

"भरपूर."

"मग सुटेल."

त्याने पिशवीतून उलट्या आट्यांची एक सळई काढली, भिंतीतल्या तुकड्यात रुतवली आणि सावकाश फिरवू लागला. आम्ही तिघं दारात एकमेकांना चिकटून उभे. फरशीचा टवकाही न उडता तुकडा बाहेर आला. माझा जीव भांड्यात पडला.

नवा नळ बसवून त्याने हँडशॉवर सासऱ्यांच्या हातात दिला. "हा तुम्हीच लावा. नुसत्या हाताने आवळायचा."

सासऱ्यांनी लावला. मेन कॉक उघडला, आणि शॉवरमधून पाणी आलं. आधी खाकरत, मग सरळ. मी म्हटलं, आता मीच नणंदेला कळवते. पण सासरे ओल्या हातानेच फोन घेऊन गॅलरीत गेले होते.

"अगं, नळ माझ्या हातून मोडला होता," ते सासूबाईंना सांगत होते. "झाला दुरुस्त. गरम पाणी पण येतंय. तू कुठे जाऊ नकोस, घरीच ये. तू नसलीस की मला करमत नाही."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. पलीकडे सासूबाई काय म्हणाल्या कळलं नाही, पण सासरे बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत राहिले.