ओटीभरणाचा दिवस

शामलाचं पोट दिसायला लागलं तेव्हापासून अनसूयेला घास गोड लागेना. तुळजापुरातल्या या पुजाऱ्यांच्या घरची ती थोरली सून. लग्नाला अकरा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. धाकटी जाऊ शामला येऊन तीनच वर्षं झाली, आणि सासूबाई आता तिला घागरही उचलू देत नव्हत्या. वाटीतली साय शामलाला, चुलीचा धूर अनसूयेला.

भादव्यात न्हाणीमागं, ओल्या लुगड्याखाली लपवून वाळत घातलेला एक कपडा अनसूयेच्या हाती लागला. डाग पुरता निघाला नव्हता. म्हणजे हिला विटाळ येत होता, आणि बाजूला न बसता ही खुशाल देवघरात वावरत होती. सगळं सोंग. त्या रात्री अनसूयेला छान झोप लागली.

बोलली मात्र नाही. आत्ता सांगितलं तर घरातल्या घरात मिटलं असतं.

कार्तिकात ओटीभरणाला गल्लीतल्या बायका जमल्या. हिरवं लुगडं नेसून शामला पाटावर बसली. सासूबाईंनी खणनारळ उचलला, तशी अनसूया म्हणाली, "थांबा आत्याबाई. हिला अजून विटाळ येतो. विचारा तिलाच."

"जळतेस गं किती," शेजारच्या प्रेमलाकाकू म्हणाल्या.

शामलानं मान खाली घातली. "खरं आहे. मला वाटलं, थांबेल. पोट तर वाढतच होतं, अक्का."

दुसऱ्या दिवशी तिघी बसनं सोलापूरला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं.

"गर्भ नाही. अंडाशयात गाठ आहे, पोटात पाणी झालंय."

"अंडाशय म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"बाईचं बीज तयार होतं ती जागा. हा रोग तिथंच सुरू होतो."

हिच्या तिथं निदान काहीतरी धरलं, असं अनसूयेच्या मनात येऊन गेलं.

"रक्त कधीपासून जातंय?"

अनसूयाच म्हणाली, "भादव्यापासून. मी पाहिलं होतं."

"तेव्हाच आणायचं होतं. कदाचित काढता आली असती. आता पसरलीय."

सासूबाईंनी अनसूयेकडं एकदा पाहिलं. शामलाला दवाखान्यात ठेवून घेतलं. सोबत कोणी राहायचं, असा प्रश्न निघाला.

"मी राहते," अनसूया म्हणाली.

"नको," शामला म्हणाली. "आत्याबाई, तुम्ही राहा."

सासूबाई खाटेवर बसल्या आणि त्यांनी शामलाचं डोकं मांडीवर घेतलं. अनसूया दाराशी उभी राहून बघत राहिली. तिची बस सुटायला अजून तासभर होता.