खालच्या रेघेवरची खरखर

रसायनं ओळखण्यासाठीच्या चुंबकीय अनुनादाच्या पद्धतींवरचा जाडजूड ग्रंथ ताईच्या संपादनाखाली निघत होता. त्यातलं वनस्पतींमधल्या रसायनांवरचं प्रकरण तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं लिहिलं होतं. लेखक म्हणून त्यांचं नाव ताईनंच सुचवलं होतं. घरचा माणूस घुसवला असं कुणी म्हणू नये, म्हणून त्याची प्रुफं ती जरा जास्तच डोळ्यांत तेल घालून वाचत होती.

एका पानावर दोन निराळ्या रसायनांचे आलेख होते. उंच सुळके वेगवेगळे, असायला हवेत तसेच. पण सुळक्यांच्या मधे, खालच्या रेघेवर, यंत्राची जी बारीक खरखर उमटते, ती दोन्हीकडे सारखीच वाटली. खरं तर तेच द्रावण पुन्हा मोजलं तरी ही खरखर कधी जुळत नाही. ताईनं दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. मधला एक तुकडा काट्याला काटा जुळला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. भावोजी हुशार होते, पण घाईचे. बढतीची मुलाखत तोंडावर आलेली. दुसरं मोजमाप फसलं असेल आणि आलेख घरबसल्या शिजवला असेल, तर?

तिनं त्यांना फोन केला, पण सरळ विचारलं नाही. छपाईसाठी मूळ फायली हव्यात, एवढंच म्हणाली. यंत्राचा संगणक दुरुस्तीला गेलाय, चार दिवसांत पाठवतो, असं ते म्हणाले. ताईला त्यांचा आवाज चाचरल्यासारखा वाटला.

मग ती सहज म्हणून बहिणीकडे गेली. ओट्याशी उभी राहून तिनं आडून आडून चौकशी केली. हल्ली त्यांना झोप नाही, बोलतही नाहीत फारसं, असं बहीण चहा गाळता गाळता सांगत होती. ताई एकेक शब्द मनात टिपून घेत होती. बहिणीनं गाळणं खाली ठेवलं.

"ताई, तुला नक्की काय विचारायचंय?"

ताईनं विषय आईच्या गुडघ्यांवर नेला.

घरी येताच तिनं प्रकाशकाला कळवलं, हे प्रकरण थांबवा, आलेखांबद्दल शंका आहे.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाकडच्या आकृत्या करणाऱ्या माणसाचा फोन आला. दुसऱ्या आलेखावर रेघेला चिकटून एक नको असलेला आकडा छापला होता, तो त्यानं काढून टाकला होता. "तिथं भोक पडल्यासारखं दिसत होतं, बाई. म्हणून शेजारच्या आलेखातला तुकडा उचलून लावला. तिथं नुसती खरखरच तर होती." काम किती बेमालूम झालं होतं, हेही त्यानं सांगितलं. त्याच्याकडचा मूळ आलेख ताईनं मागवून पाहिला. रेघ वेगळीच होती. कबूल केल्याप्रमाणे भावोजींच्या फायलीही आल्या. सगळं चोख.

पण प्रकरण का थांबलं, हे प्रकाशकानं तोवर भावोजींना सांगून टाकलं होतं.

ताई त्यांच्या घरी गेली. दार त्यांनीच उघडलं, बसायला सांगितलं. मलाही शंका आलीच असती, असं म्हणाले. मग म्हणाले, "फक्त आधी मला विचारायचं होतंत."

"चुकलं माझं," ताई म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि मुलाखत बरी झाल्याचं सांगितलं.

बहीण बाहेर आलीच नाही. ताई निघाली तेव्हा मात्र ती जिन्यापर्यंत आली.

"ते विसरतील. मला नाही जमणार इतक्यात. माझ्याच घरात उभी राहून तू मला त्यांच्याविरुद्ध बोलायला लावलंस."

ताई जिना उतरू लागली.

ग्रंथ त्या प्रकरणासकट निघाला, आणि भावोजींनी आपली प्रत कौतुकानं कपाटात लावली. बहीण मात्र बरेच महिने ताईशी आईच्या फोनवरूनच बोलत राहिली, तेही आईच्या औषधांपुरतं.