दुपारी एक ते चार

समुद्रापासून पाच तास आणि एक घाट दूर, सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातल्या ऑफिसात बसून डॉ. दत्तप्रसाद कोकणातल्या डॉल्फिनांचं रक्षण करत. तिथे नव्या बंदराचे खांब ठोकले जात होते. नियम साधा होता. घण सुरू करण्याआधी अर्धा तास समुद्र पाहायचा, डॉल्फिन जवळ दिसला की घण थांबवायचा. पाण्याखाली त्या दणक्याने त्यांचे कान जातात, आणि कान गेले की डॉल्फिनला ना मासा सापडतो ना स्वतःचं पिल्लू.

बोटीवरून टेहळणी करणाऱ्या सार्थकने महिनाभरात अकरा वेळा डॉल्फिन नोंदवले होते, दोनदा पिल्लासह. घण एकदाही थांबला नव्हता.

"अक्षता, अकराचं शून्य करा," दत्तप्रसाद म्हणाले. "सही करा आणि पर्यावरण खात्याच्या तीनच्या बैठकीआधी पाठवून द्या. पुढच्या दोनशे खांबांची परवानगी अडलीये."

सही तिचीच लागे, कारण प्राणिशास्त्राची पदवी तिची होती. सरांची पदवी कशातली, हे सहा वर्षांत तिला कळलं नव्हतं.

"पण सर, दिसलेत ते."

"दिसले म्हणजे जिवंत आहेत ना? मग झालं तर! माशांना कसले आलेत कान?"

डॉल्फिन मासा नव्हे, हे यांच्या भिंतीवरच्या तीन सन्मानपत्रांनाही ठाऊक असावं. अक्षताला त्या माणसाची किळस आली. तरी तिने अहवालाची फाईल उघडली. नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळणार होती?

एक वाजला. सरांनी दारावर रोजची पाटी अडकवली: 'दुपारी १ ते ४ उठवू नये. अपवाद नाही.' ते आडवे होतात न होतात तोच शेजारच्या बांधकामावर ड्रिल सुरू झालं. सर बनियनवरच गॅलरीत धावले.

"अहो, माणसं राहतात इथे! सुरू करण्याआधी आजूबाजूला कोणी आहे का, बघायची काही पद्धत? कान फुटायची वेळ आली! आधी बंद करा ते!"

चार मिनिटांत ड्रिल बंद झालं. अक्षताने घड्याळ लावून पाहिलं होतं.

"बघितलंत? सांगावं लागतं लोकांना," म्हणत सर आत गेले आणि घोरू लागले.

अक्षताला आता स्वतःच्या भीतीचीच लाज वाटली. तिने अकरा तसेच ठेवले, खाली 'घण एकदाही थांबवला नाही' असं लिहिलं, सार्थकची पानं जोडली, सही केली आणि अहवाल खात्याला पाठवला. नेहमीप्रमाणे एक प्रत बंदराच्या मॅनेजरलाही.

अडीचला त्याचा फोन आला. "हे काय पाठवलंत? दत्तप्रसादांना द्या! बैठकीआधी अहवाल मागे घ्यायला सांगा!"

"सर झोपलेत. चारनंतर करा."

"अहो, मग उठवा की!"

अक्षताने मान वळवून पाटी पाहिली.

"अपवाद नाही," ती म्हणाली, फोन ठेवला आणि डबा उघडला.