वाटीतलं लाल पाणी आणि गोजराबाईची बाटली

किन्हीराजा गावच्या एका मळ्यात दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. गादीवर वाटीबाबा, पुढं पितळी वाटीत हळदीचं पाणी आणि समोर पोटुशा बायांची रांग. बाबा बाईच्या बोटाला अंगारा चोळायचा, बोट वाटीत बुडवायला लावायचा आणि काय सांगता, पाणी लालभडक! “दोष हाये! पोटावर दोष!” मग काहीतरी पुटपुटत लिंबू पिळायचा की पाणी पुन्हा पिवळं. “गेला दोष! जाय, बिनघोर बाळंत हो!”

गोजराबाईच्या सुनेचं, राखीचं, पहिलं लेकरू तिसऱ्या दिवशी तापानं गेलं होतं. आता पुन्हा सातवा महिना लागलेला. वाटीतलं राखीचं लाल पाणी पुन्हा पिवळं झालं तशी गोजराबाई बाबाच्या पायावर कोसळलीच. बाबानं वर बजावलं, “सुनेच्या अंगातलं काही बाहेर देऊ नोका. वैरी करनी करते.”

आणि नेमकी दवाखान्यानं तपासायला राखीच्या लघवीची बाटली मागितली! गोजराबाईनं डोकं लढवलं. “मा म्हातारीवर कोन करनी करते?” म्हणत मोरीत गेली आणि बाटली स्वतःच भरली. “आत्याबाई, हे बरं नाई,” राखी म्हणाली, पण तिचं ऐकतो कोण?

आठवड्यानं तपासणी करणाऱ्या उज्ज्वलाताईंनी दोघींना बोलावलं. “जंतू नाहीत. पण लघवीत साखर भरमसाट, आणि मागल्या महिन्यात घेतलेल्या राखीच्या रक्तात साखर अगदी ठीक. आजी, साखरेच्या आजाराच्या गोळ्या तुम्ही घेता ना?”

गोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मीच भरली वं माय. करनी होईन म्हनून. बाबानं पानी लाल करून दाखवलं न!”

उज्ज्वलाताई रागावल्या नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

“आजी, पाय मुरगळला की काय लावता?”

“हळद-चुना.”

“रंग कोणता होतो?”

गोजराबाईचा हात कमरेच्या चंचीवर गेला. तंबाखूचा चुना तिथंच होता. जन्मभर तिनं घरच्यांच्या पायांना लाल लेप लावला, आणि तोच लाल रंग वाटीत पाहून बाबापुढं डोकं टेकलं!

“अंगाऱ्यात चुना असतो,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “लिंबाचा आंबट रस चुन्याला मारतो, की हळद पुन्हा पिवळी.”

या वेळी बाटली राखीनं भरली. तिसऱ्या दिवशी कळलं, जंतू निघाले. आईला जाणवतही नाहीत, पण बाळंत होताना बाळाला धरतात. पहिलं लेकरू त्यांनीच नेलं असेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी गोळ्या दिल्या आणि कळा सुरू होताच द्यायचं इंजेक्शन कागदावर लिहून ठेवलं. गोजराबाई रात्रंदिवस तो कागद जपू लागली.

गुरुवारी ती रांगेत शिरली. अंगारा नाही, मंतर नाही, तिनं आपल्या चंचीतला चुना वाटीत कालवला. पाणी लाल.

“पापी बाई!” बाबा ओरडला.

“हाओ, पापीच,” गोजराबाई म्हणाली. तिची मान वर होत नव्हती. “बायांनो, थुका मायावर. मायाच शहानपनानं मा नातवाच्या जिवावर बेतलं होतं. वाटीत हळद न चुना दिसते, जंतू नाई दिसत. ते दवाखान्यात दिसतात. तपासून घ्या. अन् पोटुशीची बाटली पोटुशीलेच भरू द्या.”