पांढऱ्या सोन्याच्या बाळ्या

शुक्रवार पेठेत पोरीचे कान टोचायचे तर ते रामहरी पोतदारानंच, असं बायका म्हणत. तीस वर्षांत त्यानं टोचलेला एकही कान चिघळला नव्हता. आणि या चैत्रात चार पोरींचे चिघळले. ‘म्हाताऱ्याचा हात बिघडला,’ अशी नळावर कुजबुज सुरू झाली. ती कानावर आल्यापासून रामहरी नुसता धुमसत होता. बायकोनं चहा पुढं केला तरी तिच्यावर खेकसायचा.

खोट पोरींच्या कानातल्या बाळ्यांच्या मालात होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. संगप्पाशेठच्या दुकानात तो कारागीर. पंचाहत्तर साली शेठनं पांढऱ्या सोन्याचं खूळ आणलं. ते दिसायचं पिवळट, म्हणून मुंबईहून वर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा चढवून आणावा लागे. मुलामा झिजला की गिऱ्हाईक भांडायला हजर. मग गेल्या दिवाळीत शेठनं सोन्यात निकेल वाढवायला लावलं. रंग असा पांढरा आला की मुलाम्याची गरजच उरली नाही.

“निकेल कातडीला बाधतं, शेठ,” रामहरी म्हणाला होता. “पॅलेडियम घाला. त्यालाबी मुलामा लागत न्हाय.”

पॅलेडियम महाग, म्हणून शेठनं तो विषयच मिटवला. रामहरी मुकाट्यानं भट्टीपाशी बसला आणि त्याच सोन्याच्या बाळ्या घडवू लागला.

आता तोच शेठ भरल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, “रामहरी, सुई उकळून घेत जा की जरा!”

रामहरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तिथंच आरसा पुढं ओढला, सुई उचलली आणि स्वतःचे दोन्ही कान टोचले. उजव्यात दुकानातली पांढरी बाळी घातली, डाव्यात चोख सोन्याची तार. शेठ हसला. हसू दे लेकाला, रामहरी मनात म्हणाला.

नवव्या दिवशी उजवा कान वांग्यासारखा सुजला, पू वाहू लागला. डावा ठणठणीत. इतकी वेदना होत असूनही रामहरीला इतका आनंद कधी झाला नव्हता. तो तडक नळावर गेला.

“बघा! सुई तीच, हात त्योच! शेठचं निकेल हाय ह्ये!”

दोघीतिघींनी माना डोलावल्या. मथुराबाई तेवढी पोरीला कडेवर घेऊन पुढं आली. पोरीच्या कानांना हळद थापलेली होती, आणि भोकं बुजू नयेत म्हणून बाळ्या तशाच ठेवलेल्या. तिनं रामहरीचे दोन्ही कान नीट बघितले.

“निकेल बाधतं ह्ये तुमाला कवा कळलं, काका?”

“अगं, म्या शेठला दिवाळीतच बजावलं हुतं!” रामहरी छाती काढून म्हणाला.

“दिवाळीत?” मथुराबाईचा आवाज चढला. “आन् माज्या लेकीच्या कानात चैतात घातलंत? रातभर रडतीय ती! आदी सवताच्या कानात घालायचं की!”

शेठला घालायच्या शिव्या रामहरीच्या ओठावर तयार होत्या. त्यातली एकही इथं कामाची नव्हती. “आन हिकडं,” तो कसाबसा म्हणाला, “काढतो मी बाळ्या.” आणि त्यानं हात पुढं केला.

पोर किंचाळून आईच्या मानेत शिरली. मथुराबाई दोन पावलं मागं सरली.

“हात लावू नका तिला,” ती म्हणाली. “मी दुसरा सोनार बघीन.”