दिवसा काढलेलं रक्त

डोंग्यातून उतरताना यादोरावांनी आधी नाकाला रुमाल लावला, मग चिखलात पाय ठेवला. काठाला सडक्या शेवाळाचा थर साचला होता आणि त्यात मेलेली मासळी उताणी पडली होती. अडतीस वर्षांनी ते तलावातल्या या बेटावर येत होते आणि स्वागताला हाच वास हजर होता.

"सांभाळून, सर," पुढे उतरलेली डॉ. रुची म्हणाली. तालुक्याची ही नवी आरोग्य अधिकारी; सिकलसेल तपासणीच्या शिबिराची पिशवी तिच्या खांद्याला होती. सलवार घोट्यापर्यंत चिखलाने भरली तरी तिचं तिकडे लक्षही नव्हतं. यादोरावांना ते बघूनही कसंसंच झालं.

शाळेपुढे मांडव घातला होता. संगमरवरी पाटीवर कोरलं होतं : 'औषधी मिठाने हत्तीपाय रोगातून मुक्त झालेले बेट.' त्या प्रयोगाचे जनक डॉ. दुर्गाप्रसाद वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी नागपूरहून खास आले होते. बेटावरच्या मासेमार ढिवरांच्या चाळीस घरांना त्यांनी दोन वर्षं औषध मिसळलेलं मीठ खायला घातलं होतं. दर तीन महिन्यांनी बोटाला टोचून रक्त तपासायचं. जंतूंचा आकडा पहिल्याच वर्षी शून्यावर आला आणि तिथेच राहिला. त्या शून्यावर साहेबांचे लेख छापून आले, परदेशवाऱ्या झाल्या, आता जाडजूड पुस्तकही निघालं. रक्त काढणारे लॅब टेक्निशियन म्हणजे हे यादोराव टेंभरे.

साहेब माइकवर रंगात आले होते.

"हे जंतू मोठे बेरकी. दिवसभर फुप्फुसात दडून बसतात आणि रात्री नऊनंतरच बोटाच्या रक्तात उतरतात. तेव्हा आमचा यादोराव कंदील घेऊन, डास अंगावर झेलत घरोघर फिरायचा. अशी माणसं आता मिळत नाहीत."

टाळ्या पडल्या. यादोरावांच्या खांद्यावर शाल पडली. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता. ती भिरकावून द्यावी असं त्यांना फार वाटलं, पण फोटो काढणारा समोर उभा होता. त्यांनी हात जोडले.

कंदील कसला आणि रात्र कसली! मीठ वाटण्याआधीची पहिली तपासणी साहेबांनी स्वतः मुक्काम करून केली होती. तेव्हा जंतू सापडले. पुढच्या आठही खेपा एकट्या यादोरावांच्या. रात्री डोंगा चालत नसे. थांबायचं म्हणजे ढिवरांच्या घरी जेवायचं, त्यांच्या गोधडीवर निजायचं. यादोराव शेतकरी पोवारांच्या खात्यापित्या घरचे. भांड्यांना चिकटलेले माशांचे खवले, सुजलेल्या पायांतून पाझरणारं पाणी, सगळ्याची त्यांना अशी किळस यायची की प्यायचं पाणीसुद्धा ते घरून बाटलीत आणत. सकाळी दहाला यायचं, भराभर बोटं टोचायची, चारच्या आत परत. कार्डावर वेळ लिहायची : रात्री नऊ. साहेबांनी कधी खोदून विचारलं नाही. शून्य त्यांनाही हवंच होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर फुलवंता नावाची म्हातारी यादोरावांना आणि रुचीला आपल्या घरी घेऊन गेली. तिचं बोट यादोरावांनी आठही वेळा टोचलं होतं. दाराशी पाहुण्याच्या पायावर पाणी घालायची इथली रीत. त्या काळी यादोराव ती टाळून बाहेरूनच हाक मारत. आज टाळता आलं नाही.

फुलवंताची सून रविता लोटा घेऊन वाकली. पातळ जरा वर सरकलं. उजव्या पायात तोरडी होती. डावा पाय रिकामा, आणि इतका सुजलेला की त्याला घोटा म्हणून काही उरलाच नव्हता.

"एकच तोरडी काऊन घातली?" यादोरावांच्या तोंडून निघून गेलं.

"दुसरी चढत नाई जी." रविताने घाईने पातळ खाली ओढलं.

"लगन होऊन आली तवा दोनी होत्या," फुलवंता म्हणाली. "दहा वर्सं झाली. पोरगी चिचगडची."

"मग हे दुखणं तिकडूनच आणलं असेल," रुची म्हणाली. "बेट तर मुक्त आहे. दरवर्षी आम्ही तालुकाभर हत्तीपायाच्या गोळ्या खाऊ घालतो, पण दुर्गाप्रसाद सरांच्या आकड्यांमुळे बेट यादीत नसतं." तिने पिशवीतून कागद काढला. "बरं आठवलं. पुढची दहा वर्षंही बेट वगळायचं आहे. रक्त तुम्ही घेतलंत, म्हणून खात्रीसाठी तुमची सही हवी."

यादोरावांनी पेन हातात घेतलं. रविता लोटा घासत होती. दारातून तिची सहा-सात वर्षांची पोरगी बघत होती. तिच्या दोन्ही पायांत तोरड्या होत्या.

"मी दिवसा येत होतो, म्याडम," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रक्त दिवसाचं हाये. सगळंच."

"हो ना जी," फुलवंता सहज म्हणाली. "दिवसाच येत होते. आमाले वाटे, यायले दिवसाचं रक्त चालत असन. माया घरचं पाणी मात्र कदी पेले नाई."

"पण कार्डावर तर रात्री नऊ आहे!"

"कार्ड मीच भरले."

रुची अर्धं पाऊल मागे सरली. चिखलाची किळस न वाटणाऱ्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर किळस आली ती आत्ता, आणि ती यादोरावांकडे बघून. ती त्यांनी लगेच ओळखली. इतकी वर्षं ती त्यांच्याच चेहऱ्यावर होती.

काठावरून हाक आली. साहेबांचा डोंगा निघत होता, हा शेवटचाच.

"सिकलसेलच्या शिबिरासाठी सुया आनल्या होत्या ना तुम्ही? काचपट्ट्या?" यादोरावांनी विचारलं.

"आहेत."

"मग मी थांबतो. नऊ वाजता सुरू करू. चाळीसही घरं."

रुचीने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि कागद टराटरा फाडला.

"मीही थांबते," ती म्हणाली. "एकट्या तुमच्यावर आता सोडणार नाही."

डोंगा त्यांना न घेताच गेला. अंधारून येताना फुलवंताने भात आणि मासळीचा रस्सा समोर ठेवला. ताटाच्या काठावर एक खवला चिकटलेला होता. मग तिने तलावाच्या पाण्याचा लोटा आणला आणि तो हातातच धरून उभी राहिली.

"पेता का जी? का बाटली आनली?"

बाटली पिशवीत होती, काठोकाठ भरलेली. यादोरावांनी लोट्यासाठी हात पुढे केला. पाण्याला मासळीचा वास होता. डोळ्यांत पाणी आलं. लोटा रिकामा होईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही.